अनोळखी माणसांची खातेवही
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांला दिलेला विषय ‘शिक्षण’ हा होता. परंतु गेल्या दोन वार्षिक सभांत आपल्या काही तरुण सभासदांनी एक प्रश्न विचारला. शिष्यवृत्तीचा राखीव निधी बँकेत पडून आहे, त्यांतील थोडा भाग बिटकॉइनसारख्या नव्या चलनात का घालू नये, असा तो प्रश्न. त्यात उद्धटपणा नव्हता. उत्तर मात्र ‘तो जुगार आहे’ एवढेच मिळाले आणि सभा चहापानासाठी उठली. एवढ्या उत्तराने मास्तर माणसाचे समाधान होत नाही. हा पदार्थ मुळात होता तरी काय, त्यात सामील झालेली माणसे रोजच्या रोज करीत काय, आणि तोच आपल्या सुरतेत आला तेव्हा त्याचे काय झाले, हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत. हेही शिक्षणच आहे, तेव्हा अध्यक्षसाहेब विषयांतराचा दोष देणार नाहीत.

परगावच्या माणसाशी पैशाचा व्यवहार कसा करावा हे सुरतेला कोणी शिकवावयास नको. मोगल अमदानीत हजचे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत. वीरजी व्होरा आणि मुल्ला अब्दुल गफूर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा बोलबाला दूरदूरच्या बंदरांपर्यंत होता. रोकड न हलविता कागदावर पैसा हलविणारी हुंडी येथे घरोघर ठाऊक होती. हुंडी हरवली तर पैठ लिहावयाची, पैठही हरवली तर परपैठ, आणि रक्कम चुकती झाली की त्या हुंडीचा खोखा झाला. व्यवस्था मोठी नामी होती. पण ती सारी नावावर चाले. कागदावर कोणाचे नाव आहे, त्याची पत काय, त्याचा बाप कोण, हे पाहूनच सराफ थैली सोडी. आजही महिधरपुऱ्याच्या बाजारात हिऱ्यांची पुडी हातातून हातात जाते ती ओळखीवर, आणि आपल्या गल्लीतील भिशी चालते तीही ओळखीवरच.

आता ह्याच्या अगदी उलट कल्पना पाहा. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो असे नाव घेतलेल्या कोणा एकाने किंवा अनेकांनी मिळून काही पानांचे एक टिपण प्रसिद्ध केले. ज्यांना एकमेकांचे नाव ठाऊक नाही अशा माणसांनी, मध्ये बँक अथवा पेढी न ठेवता, पैशाची देवघेव कशी करावी हा त्याचा विषय. ३ जानेवारी २००९ रोजी त्या योजनेचे पहिले पान लिहिले गेले. लंडनच्या टाइम्स पत्रातील त्या दिवसाचा मथळा, बँकांना सरकारने पुन्हा हात देण्याविषयीचा, त्या पानात गोवलेला आहे. लिहिणाऱ्याचा रोख कोणाकडे होता हे त्यावरून समजते.

पान म्हटले ते मुद्दाम. ही सारी योजना म्हणजे एक किर्द आहे, खतावणीच्या आधीची, ओळीने लिहिलेली किर्द. फरक एवढाच की ती एका मुनीमजींच्या गादीखाली नसून सामील झालेल्या प्रत्येकाच्या घरी तिची पूर्ण नक्कल असते. सुमारे दर दहा मिनिटांनी नवे पान जोडले जाते. प्रत्येक पानावर मागच्या पानाची एक आकडी छाप असते. मागचा एक आकडा जरी बदलला तरी छाप जुळत नाही आणि पुढची सारी पाने खोटी पडतात. नवे पान लिहिण्याचा मान ज्याच्या यंत्राला एक अवघड संख्या प्रथम सापडेल त्याचा. त्याबद्दल आरंभी ५० नाणी मिळत, नोव्हेंबर २०१२ पासून ती निम्मी झाली, आणि पुढेही अशीच घटत गेली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक होणार नाहीत असा नियम. कुराणातील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा लेख करून ठेवावा आणि त्याला साक्षी असावेत ह्याविषयी आहे. येथे तर जेवढे सभासद तेवढे साक्षी!

पहिल्या दोन-तीन वर्षांत ह्या मंडळीचा नित्यक्रम काय होता? अगदी साधा. घरचा संगणक रात्री चालू ठेवून निजावयाचे; सकाळी उठून कार्यक्रमात काही बिघाड झाला की काय ते पाहावयाचे; कोणी नवखा अडला तर त्याला समजावून द्यावयाचे. १२ जानेवारी २००९ रोजी सातोशीने हॅल फिनी नावाच्या अमेरिकन जाणकाराला १० नाणी पाठविली, ती दोन माणसांमधील पहिली देवघेव. २०१० मध्ये गॅव्हिन अँड्रेसन ह्या गृहस्थाने मागेल त्याला ५ नाणी फुकट देण्याची पाणपोईच घातली. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातील लास्झलो हान्येच ह्याने १०,००० नाणी देऊन दोन पिझ्झा मागविले. त्या वेळी त्या नाण्यांची किंमत चाळीस-एकेचाळीस डॉलर धरली जात होती. लोक त्याला आज हसतात. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. नाण्याने भाकरी विकत मिळते की नाही हे कोणीतरी करून पाहिल्यावाचून त्याला नाणे कोण म्हणणार?

पण सर्वांत बोलका प्रसंग १५ ऑगस्ट २०१० चा. त्या दिवशी कोणीतरी बेरजेतील एका चुकीचा फायदा घेऊन आपल्या नावे १८४ अब्जांहून अधिक नाणी लिहून घेतली. साऱ्या जगात २ कोटी १० लाखांहून अधिक व्हावयाची नाहीत, आणि एका ओळीत १८४ अब्ज! बँकेत असे झाले असते तर चौकशी समिती नेमली गेली असती. येथे कोणी अधिकारी नव्हता. वही चाळणाऱ्या एका सभासदाला ते पान विचित्र दिसले, त्याने इतरांना हाक दिली, काही तासांत दुरुस्त केलेला कार्यक्रम वाटला गेला, आणि ठिकठिकाणच्या सभासदांनी तो आपापल्या यंत्रावर चढवून खोट्या पानाच्या अलीकडून पुन्हा लिहावयास आरंभ केला. दुसऱ्या दिवशी खरी वही खोटीच्या पुढे गेली. सभासदांनी पाने खरोखर तपासली म्हणूनच ते चलन त्या दिवशी वाचले.

आम्ही स्वतः २०१३ च्या उन्हाळी सुटीत, दोन सहशिक्षकांच्या सोबतीने, ती वही घरच्या संगणकावर उतरवून घेतली. वेग इतका मंद की आठवडा उलटून गेला, आणि घरातून विजेच्या बिलाविषयी जे ऐकावे लागले ते येथे सांगत नाही. नाणी घेण्याचा हेतू नव्हता. पाणपोईचे दोन थेंब, म्हणजे एका नाण्याच्या दहा कोटी भागांपैकी काही भाग, तेवढे आले. मौज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पहिल्या पानापासून त्या दिवसापर्यंतचा प्रत्येक आकडा आमचे यंत्र स्वतः ताळा करून घेत होते. कोणाच्या शब्दावर काहीही मान्य करीत नव्हते. गणिताच्या शिक्षकाला ह्याहून गोड दृश्य कोणते?

पुढे भाव चढला आणि वही पाहणारे मागे पडले. नाणे जवळ बाळगावयाचे म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, म्हणजेच किल्ली, आपल्यापाशी जपावयाची. तो त्रास नको म्हणून लोकांनी किल्ल्या दुकानदारांच्या स्वाधीन केल्या. टोकियोतील माउंट गॉक्स हे त्यांतील सर्वांत मोठे दुकान २०१४ मध्ये बुडाले तेव्हा साडेआठ लाख नाणी नाहीशी झाल्याचे त्याने सांगितले. त्यांपैकी दोन लाख मागाहून सापडली. वहीत त्या दिवशी एकही आकडा चुकला नव्हता.

आणि मग ते वारे सुरतेत आले. २०१६ च्या अखेरीस ‘बिटकनेक्ट’ नावाची योजना निघाली. बिटकॉइन द्या, त्याच्या बदल्यात आमचे नाणे घ्या, ते आम्हांला कर्जाऊ द्या. आमच्यापाशी एक यंत्र आहे, ते चढउताराचा व्यापार करून महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत मिळवून देईल, असे आश्वासन होते. यंत्र कोणी पाहिले नव्हते. नवीन माणूस आणणाऱ्याला दलाली होती. मुद्दल अडकून राहण्याची मुदतही ऐकण्यासारखी आहे. ज्याची रक्कम सर्वांत लहान त्याची २९९ दिवस, ज्याची सर्वांत मोठी त्याची १२० दिवस. गरिबाने जास्त थांबावयाचे! जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांनी मनाईहुकूम काढले, त्याच महिन्यात योजनेने कर्जव्यवहार बंद केला, आणि धनकोंना परतफेड केली ती आपल्याच नाण्यात. डिसेंबरात ४०० डॉलरांच्या वर गेलेले ते नाणे मातीमोल झाले. अमेरिकन सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे जगभरातील लोकांचे सुमारे २४० कोटी डॉलर त्यात गेले. तेथील न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये भरपाई मंजूर केली ती चाळीसहून अधिक देशांतील सुमारे ८०० लोकांना, १ कोटी ७० लाख डॉलर. आपल्याकडे सुरतेच्या सी.आय.डी. क्राइम पोलीस ठाण्यातील गुन्ह्यांवरून सक्तवसुली संचालनालयाने तपास धरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. ह्याच पैशाच्या मागे अपहरणे झाली, खंडण्या झाल्या. अशाच एका प्रकरणात अहमदाबादच्या न्यायालयाने २०२५ मध्ये एका माजी आमदारासह आणि एका माजी पोलीस अधीक्षकासह चौदा जणांना जन्मठेप दिली. त्या साऱ्याचा विस्तार वर्तमानपत्रांनी केलाच आहे.

आम्हांला सांगावयाचे आहे ते वर्तमानपत्रांत न आलेल्या माणसाविषयी. लिंबायत भागातील आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील लूमवर बारा तासांची पाळी करीत. २०१७ च्या दिवाळीत त्यांनी मुलीच्या लग्नासाठी साठविलेले एक लाख वीस हजार रुपये अशाच एका योजनेत घातले. तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. कोणाच्या सांगण्यावरून? गावाकडच्या नात्यातील, रोज शेजारी उठबस असलेल्या माणसाच्या. खाते उघडले ते त्या नातेवाइकाच्या मोबाइलवर, किल्लीही त्याच्याचपाशी. पैसे गेल्यावर ते आमच्याकडे आले तेव्हा आम्ही विचारले, “आपले खाते आपण एकदा तरी उघडून पाहिलेत का?” ते म्हणाले, “मास्तरसाहेब, तो घरचा माणूस. त्याला दाखव म्हणायची लाज वाटली.”

ही लाज हेच त्या योजनेचे खरे भांडवल होते. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवण्याची गरज पडू नये म्हणून जी वही निर्माण झाली, तिचे नाव घेऊन येथे ओळखीच्या माणसाचा विश्वास विकला गेला. पहिल्या मंडळीचे रोजचे काम ताळा पाहणे हे होते. येथे सभासदाकडून दोनच गोष्टींची अपेक्षा होती, पैसा आणा आणि माणूस आणा. साधे गणितही कोणी करून पाहिले नाही. आमच्या आठवीच्या वर्गाला आम्ही ते घातले होते. दररोज एक टक्का, चक्रवाढीने, एक लाखाचे वर्षाअखेर किती? ३७ लाख ७८ हजार. तीन वर्षांनी? ५३९ कोटी. एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, मग ते आपल्याकडून एक लाख मागतात कशाला?” तिला शंभरपैकी शंभर.

त्या लूमवाल्या बंधूंचा मुलगा दहावीनंतर शाळा सोडून साड्यांच्या पॅकिंगला लागला होता. वर्षभराने तो परत आला, तो आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर. म्हणून तरुण मित्रांच्या प्रश्नाकडे आम्ही परत येतो. बिटकॉइन बाळगणे भारतात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये सावधगिरीची सूचना दिली, एप्रिल २०१८ मध्ये बँकांना ह्या व्यवहारापासून दूर राहण्यास सांगितले, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसविला. धर्माच्या बाजूने उलेमांचे एकमत नाही; इजिप्तच्या मुफ्तींनी ते निषिद्ध ठरविले, काही विद्वान तसे मानीत नाहीत. तो निवाडा त्यांचा. ज्याला स्वतःच्या कमाईतून, स्वतःची किल्ली स्वतःपाशी ठेवून, वही वाचून ह्यात पडावयाचे असेल त्याला आम्ही अडविणार नाही.

ट्रस्टचा पैसा मात्र आपली कमाई नाही, ती अमानत आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याप्रमाणेही तो टपाल बचत, शेड्यूल्ड बँका, सरकारी रोखे अशा ठरावीक जागीच ठेवता येतो. अन्यत्र ठेवावयाचा तर चॅरिटी कमिशनरची परवानगी लागते. तेव्हा राखीव निधी जेथे आहे तेथेच राहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण त्या पहिल्या मंडळीची एक रीत मात्र आपण उचलावी. आपला हिशेब वर्षातून एकदा वाचला जातो, आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणून आपण हात वर करतो. खजिनदारसाहेब सज्जन आहेत, आमचे स्नेही आहेत; म्हणूनच त्यांना दाखवा म्हणण्याची आपल्याला लाज वाटते. ह्या तिमाहीपासून किर्द आणि पावत्यांची फाइल दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा कार्यालयात मांडून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. खजिनदारसाहेबांनी ती आनंदाने मान्य केली आहे. नववी-दहावीची चार मुले ताळा पाहण्यास बसतील. सभासदांपैकी ज्यांना बसावयाचे असेल त्यांनी चिटणिसांकडे आज नावे द्यावीत. आतापर्यंत तीन नावे आली आहेत. दोन भगिनींची आहेत.