कपाशीची फवारणी आणि पहिला अर्धा तास
(बीड जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही. १०८ ची गाडी येईपर्यंत ज्यांच्या हातात माणूस असतो, ती गावोगावची पोरे पुढे बसली आहेत. त्यांच्याशी बोलायचे आहे. मागे सांगितलेलेच पुन्हा सांगतो. फवारणीचा हंगाम येईपर्यंत निम्मे विसरलेले असते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती. फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. वर शहाणे लोक विचारत होते, हातमोजे का घातले नाहीत? त्या उकाड्यात पाठीवर पंप घेऊन तासभर चाला, मग विचारा.

आम्ही शेतीची पदवी घेतली. पंपाला किती मिली, हे झोपेतही सांगू. पण तेच विष माणसाला चढले तर काय करायचे, हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही तुम्हाला सांगितले नाही. वडवणीकडच्या एका पोराला घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, काय फवारत होता? आम्ही म्हणालो, औषध. कोणते? बाटली बांधावरच राहिली होती. डॉक्टरांनी लक्षणे पाहून सलाईन आणि इंजेक्शन सुरू केले, पण बाटलीसाठी माणूस परत पाठवावा लागला. पदवीधर माणसाची ही गत!

बाटली का हवी? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही एका घराण्याची विषे. ॲसिफेट आणि डायमिथोएट यांच्या नावात फॉस नाही, तरी तीही त्यातलीच. यांच्यावर ॲट्रोपिन चालते. सायपरमेथ्रिन किंवा डायफेन्थियुरॉनला ॲट्रोपिन हा उतारा नाही. आणि आपण तर दोन-तीन विषे एकाच पंपात कालवतो! म्हणून जेवढ्या बाटल्या आणि पुड्या वापरल्या, तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून न्या. दवाखान्यात ‘औषध’ म्हणू नका, नाव सांगा.

फॉसच्या घराण्याची खूण अशी: माणसाचे सगळे पाझरते. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, छातीत घरघर. बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंगाचे मांस फडफडते. लोक म्हणतात ऊन लागले, आणि झाडाखाली निजवून कांदा हुंगवतात. फवारणाऱ्याच्या तोंडाला लाळ सुटली, तर ते ऊन नव्हे.

करायचे काय? आधी १०८ ला फोन. मग शेतातून वाऱ्याच्या वरच्या बाजूला काढा, भिजलेले कपडे उतरवा, केसांपासून नखांपर्यंत साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, नाहीतर एकाचे दोन होतात. शुद्ध हरपत असेल, तर डाव्या कुशीवर ठेवा, तोंडातली लाळ बाहेर पडू द्या. मिठाचे पाणी, तूप, दूध काही पाजू नका. उलटी करवू नका, ती फुप्फुसात जाते. गाडी लांब असेल, तर जीप बघा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेताना मान खाली पडते आणि श्वास कोंडतो.

दवाखान्यात ॲट्रोपिन छातीची घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. त्याने तोंड कोरडे पडते, माणूस बडबडतो. घाबरून सुई काढायला लावू नका.

त्या पोराचे पुढचे ऐका. तिसऱ्या दिवशी तो जेवला, हसला. घरचे गाठोडे बांधून निघाले. नर्सबाई म्हणाल्या, उशीवरून मान उचल बाळा. उचलेना. त्या रात्रीच त्याला श्वासाच्या यंत्रावर घ्यावे लागले. पोरगा वाचला, कारण तो घरी नव्हता, दवाखान्यात होता. पहिल्या ते चौथ्या दिवसात असे होऊ शकते. तेव्हा डॉक्टर जा म्हणेपर्यंत कितीही कामे खोळंबोत, हलायचे नाही, आणि रोज मान उचलायला लावून बघायची.

मागच्या ओसरीवर बादली, साबण, पिशव्या ठेवल्या आहेत. प्रत्येक गावचे दोघे या, एकाने आजारी पडायचे, दुसऱ्याने सगळे करून दाखवायचे. आम्ही घड्याळ लावून बसतो.