एकोणिसाव्या शतकातील पती-पत्नींचा पत्रव्यवहार
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



जुन्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, आपल्याकडच्या लहान गावांतून पत्रांद्वारे प्रेम जुळत असे काय, या प्रश्नावर मी बोलावे अशी संस्थेच्या चिटणीसांची इच्छा आहे. विषय ऐकून मागच्या बाकांवरील मुली हसल्या. हसावे, त्यात वावगे काही नाही. पण विषय वाटतो तितका हलका नाही, हे थोड्या वेळात ध्यानात येईल.

प्रथम सरळ उत्तर देतो. इंग्रजी कादंबरीतल्यासारखा लग्नाआधीचा पत्रव्यवहार आपल्याकडे जवळजवळ नव्हता. असणार कसा? मुलगी आठ-नऊ वर्षांची, मुलगा चौदा-पंधराचा, आणि लग्न ठरविणारे दोन्हीकडचे वडीलधारे. हिंदू घरात हे होते आणि थोड्याफार फरकाने मुसलमान घरातही होते. निकाहाला मुलीची संमती लागते हे शरियतमध्ये स्पष्ट आहे. पण ती संमती कुणी, कशी विचारली आणि मुलीने मान हलविली की नाही, हे पडद्याआडचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आपल्याकडे लग्न आधी झाले आणि ओळख मागाहून. ती ओळख करून घेण्याचे, रुसवा काढण्याचे, मनधरणी करण्याचे एक साधन त्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने हाती आले. ते म्हणजे टपाल.

१८५४ च्या ऑक्टोबरात साऱ्या देशात एकाच दराचे टपाल सुरू झाले. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर हलके पत्र कितीही दूर जाऊ लागले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून धावू लागली आणि हरकाऱ्याच्या पायांवर अवलंबून असलेले टपाल गाडीत बसले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. नोकरीसाठी पुणे, मुंबई, ठाणे येथे गेलेल्या माणसाला आता घरी पत्र टाकणे परवडू लागले.

पण पत्र परवडले म्हणजे बायकोशी बोलता आले असे नाही. पत्र यायचे वडिलांच्या नावे. वाचायचे थोरल्या दिराने किंवा शेजारच्या गुरुजींनी, ओसरीवर, सर्वांच्या देखत. त्यात गुराढोरांची, पावसापाण्याची, देण्याघेण्याची विचारपूस असायची. बायको स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकायची, आणि शेवटी "घरातील सर्व मंडळींस" जो नमस्कार किंवा आशीर्वाद असेल त्यात आपला वाटा समजून घ्यायची. पोस्टकार्ड तर उघडेच. ते पोस्टमनपासून सगळ्यांचे. शिवाय लिपीची अडचण होती. व्यवहाराचे लेखन बहुतेक मोडीत चाले. छापील पुस्तकावरून चार अक्षरे शिकलेल्या बाईला बाळबोध यायचे आणि मोडीपाशी गाडी अडायची. तेव्हा नवऱ्याला बायकोशी पत्राने बोलायचे असेल तर पहिली अट एकच होती: तिला स्वतःला वाचता आले पाहिजे. उत्तर हवे असेल तर लिहिताही आले पाहिजे. प्रेमाची गोष्ट इथे शाळेच्या गोष्टीला येऊन मिळते.

या बाबतीत आपला जिल्हा मागे नव्हता. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ पासून काम सुरू केले. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस अमेरिकेहून मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये येथेच वारली. तिने येथे मुलींच्या शाळा चालविल्या. जोतिराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि पुण्यात तसे काही करावे हे त्यांच्या मनाने घेतले. १८५३ साली 'ज्ञानोदया'त आलेल्या त्यांच्या निवेदनात हे नमूद आहे. 'ज्ञानोदय'ही मूळचा नगरचाच, १८४२ चा. महाराष्ट्रातल्या स्त्री-शिक्षणाची गंगा पुण्याला वाहिली खरी, पण तिचा एक झरा या गावात आहे, हे नगरकर स्वतःही फारसे सांगत नाहीत. आता गावाचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. मी बोलतो आहे ते जुन्या कागदपत्रांतल्या अहमदनगरविषयी.

या शाळांना विरोध झाला. का झाला? धर्म बुडेल, नवरा मरेल, अन्नात अळ्या होतील, असे पुष्कळ बोलले गेले. पण या सगळ्या आवरणाखाली एक साधी, घरगुती भीती होती: मुलगी लिहायला शिकली तर ती चिठ्ठी लिहील. कुणाला लिहील? परक्याला. उत्तर हिंदुस्थानातल्या शरीफ मुसलमान घराण्यांत तर ही भीती नियमासारखी पाळली गेली. मुलीला कुराण वाचायला शिकवायचे, उर्दूची एखादी धार्मिक पोथी वाचू द्यायची, पण हाती कलम द्यायची नाही. वाचणे पुण्याचे, लिहिणे धोक्याचे.

बिजनौर भागातल्या अश्रफुन्निसा बेगम यांची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. लहानपणी त्यांना वाचण्यापलीकडे जाऊ दिले नाही. तेव्हा त्यांनी तव्याची काजळी खरवडून शाई केली आणि छापील अक्षरांवरून नक्कल करीत चोरून लिहायला शिकल्या. मग काय झाले? ज्या घराला त्यांचे लिहिणे नको होते, त्याच घरातल्या बायका आपापल्या माहेरची पत्रे त्यांच्याकडून लिहून घेऊ लागल्या. पुढे लाहोरला 'तहजीब-ए-निसवाँ' हे स्त्रियांचे उर्दू साप्ताहिक १८९८ मध्ये निघाले, त्यात त्यांनी हे सारे लिहिले. डेप्युटी नजीर अहमद यांनी १८६९ मध्ये 'मिरातुल उरूस' लिहिली, तिच्यातली शहाणी असगरीसुद्धा पत्र लिहिते; दूरच्या वडिलांना घरची परिस्थिती कळवून संसाराची घडी बसविते. नजीर अहमद हुशार गृहस्थ. मुलीने पत्र लिहिले तर घर मोडते म्हणणाऱ्यांना त्यांनी घर सावरणारे पत्र दाखविले.

आता आपल्याकडची तीन जोडपी घेतो.

पहिले फुल्यांचे. सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. १८५६ आणि १८६८ ची दोन नायगावहून, आणि १८७७ च्या दुष्काळातले एक ओतूरहून. सुवासिनीने नवऱ्याचे नाव तोंडातून काढू नये असा तो काळ. ही बाई पत्राच्या आरंभी जोतीबा असे नावाने लिहिते. १८५६ च्या पत्रात त्या माहेरी आजारी आहेत, भावाने केलेल्या टीकेला आपण काय उत्तर दिले ते सांगतात, आणि आपल्या गैरहजेरीत फातिमावर ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असेही लिहितात. नवऱ्याला लिहिलेल्या खाजगी पत्रात एका मुसलमान सहकारिणीची ही अशी काळजी वाहिलेली आहे. आपल्या संस्थेत ती आठवणीत राहावी.

पण आजच्या विषयाला अधिक जवळचे आहे ते १८६८ च्या ऑगस्टातले पत्र. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा; शारजा नावाची महार मुलगी; दोघांचे जमले, तिला दिवस गेले. गावाने दोघांना मारीत मिरवले आणि जीव घ्यायची तयारी केली. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याने खुनाची काय शिक्षा होईल याची गावकऱ्यांना समज दिली, आणि ती दोघे गाव सोडतील या बोलीवर त्यांचे प्राण वाचविले. मग त्यांना हे पत्र देऊन जोतिरावांकडे पाठविले. म्हणजे जिवावर बेतलेल्या एका प्रेमिकांच्या जोडीला दुसऱ्या एका जोडप्याच्या पत्रव्यवहाराने आसरा दिला. विचार करा, त्या दिवशी नायगावात लिहिता येणारी ती बाई नसती तर?

दुसरे जोडपे डॉक्टर आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. गोपाळराव मूळचे संगमनेरचे आणि नोकरीने टपाल खात्यातले. बिजवर गोपाळरावांनी १८७४ मध्ये लग्न केले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. तिला शिकविण्याचा त्यांनी ध्यास घेतला आणि त्या ध्यासापायी तिला मारलेही. हे लपविण्यात अर्थ नाही. थोर कामे करणारी माणसे घरात कशी वागतात, हा प्रश्न आपण फार लवकर गुंडाळून ठेवतो. आनंदीबाईंचे अमेरिकेला जाणेही पत्रामुळेच जमले. गोपाळरावांचा मिशनऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापला गेला, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या तो वाचनात आला, आणि १८८० पासून त्या दोघींची पत्रे सुरू झाली. प्रत्यक्ष भेट १८८३ मध्ये झाली तेव्हा त्या मावशी-भाचीसारख्या झालेल्या होत्या.

नवरा-बायकोची खरी पत्रे त्यानंतरची आहेत. ती फिलाडेल्फियाला वैद्यक शिकते आहे, तो इकडे. त्याची पत्रे कधी कौतुकाची, कधी संशयाची, कधी टोचून बोलणारी. आणि एका उत्तरात ही विशीच्या आतली मुलगी त्याला त्याच्या वागण्याची आठवण करून देते: दहाव्या वर्षी लाकडाने मारलेत, पुढे खुर्च्या फेकल्यात, सोडून जाईन अशी धमकी दिलीत. आपल्याला त्यावर बोलण्याचा अधिकारच नव्हता, हेही ती नोंदविते. समोरासमोर हे तिला कधी बोलता आले असते असे मला वाटत नाही. मध्ये समुद्र होता आणि हातात लेखणी होती म्हणून ती बोलली. ज्याने लिहायला शिकविले त्यालाच तिने ते लिहून कळविले. आणि नाते तुटले का? नाही. १८८६ च्या मार्चमध्ये तिला पदवी मिळाली तेव्हा तो तिथे हजर होता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात ती गेली. वय बावीससुद्धा पुरे नव्हते.

तिसरे जोडपे नगरचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. लग्न १८८० मध्ये, बालपणी. टिळक कवी, लहरी, आज इथे उद्या तिथे. त्यांनी बायकोला अक्षर ओळख करून देण्याचे मनावर घेतले. त्या शिकवणीत धीर कमी आणि संताप जास्त होता, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हसत-हसत सांगितले आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. ते नगरला शिकवू लागले, बाई नातलगांकडे राहिल्या. त्या धर्मांतराचा वाद आज आपला विषय नाही. तो ज्याचा त्याचा. मला दिसते ते एवढेच, की सुमारे चार-पाच वर्षे दोन घरांच्या मध्ये मुख्यतः टपालच येत-जात होते. जबरदस्तीने नेता आले नसते आणि टिळकांनी तसे नेलेही नाही. बायकोची दुसऱ्यांदा मनधरणी करावी लागली, आणि पंधरा वर्षांच्या संसारानंतर ती करणे नव्या लग्नाहून अवघड.

लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या अटींवर आल्या. आरंभी सोवळे सांभाळले, चूल वेगळी, पाणी वेगळे. जातिभेद आपण होऊन त्यांच्या मनातून गळला तो पुढे राहुरीस, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जिला पाटीवर अक्षर गिरवताना बोलणी खावी लागली, तिनेच नवऱ्याच्या मागे त्याचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि १९३४ पासून भागाभागांनी 'स्मृतिचित्रे' दिली. मराठी गद्यात त्या पुस्तकाच्या तोडीची पुस्तके फार थोडी आहेत, हे मी भीड न ठेवता म्हणतो. गंमत अशी, की सारी हकीकत टिळकांविषयी म्हणून सांगितलेली आहे आणि वाचून उठताना आपल्याला बाईच अधिक ओळखीच्या झालेल्या असतात.

या तिन्ही घरांत लिहिणे शिकविले नवऱ्याने, आणि लिहिता येऊ लागल्यावर बायकोने केवळ गोड उत्तर दिले नाही. एकीने गावाला थोपविले, एकीने नवऱ्याला त्याचा मार आठवून दिला, एक आपल्या अटी घेऊन परत आली. विरोधकांची भीती अगदीच खोटी नव्हती, हे आपण मान्य करू या. लिहिणारी बाई आपल्या मनातले लिहिते.

आता चिठ्ठी गेली आणि मोबाईल आला. भीती मात्र जुनीच आहे, आणि ती कुठल्या एका जमातीची नाही. नववी-दहावीतल्या मुलीच्या दप्तरात फोन सापडतो, त्यात कुणाचा तरी निरोप असतो. कधी तो वर्गातल्या मुलाचा असतो, कधी नुसता चुकून आलेला असतो. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत येतात आणि दाखला मागतात. मुलगा असेल तर फोन काढून घेतात. मुलगी असेल तर शाळा काढून घेतात. त्या वडिलांचा मी उपहास करीत नाही. त्यांना लोक काय म्हणतील याची खरोखर झळ लागते, आणि आपण शिक्षक त्या वेळी त्यांच्यासाठी फारसे काही करीत नाही. अर्ज घेतो आणि सही करतो.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. अशा कारणाने कुणी मुलीचा दाखला मागायला आले तर त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि आठ दिवसांनी पुन्हा यावे असे सांगावे. त्या आठ दिवसांत मुख्याध्यापिकेने मुलीच्या आईला एकटीला बोलावून घ्यावे. मुलीशीही कुणी बाईंनी बोलावे, वडिलांच्या देखत नव्हे. आणि त्या मुलीला जर काही सांगायचे असेल, पण तोंडाने सांगता येत नसेल, तर तिच्यापुढे कोरा कागद ठेवावा आणि खोलीबाहेर जाऊन बसावे.