सारखे दिसणारे पक्षी कसे ओळखावेत?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले. स्वयंपाक, शिवण, भरतकाम या विषयांत माझ्याहून जाणत्या भगिनी इथे पुष्कळ आहेत, म्हणून मी पक्ष्यांचा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु पक्षी ओळखायला डोळे, कान आणि थोडा धीर एवढे पुरते.

जिरे आणि शहाजिरे यांत आपली गल्लत होत नाही, कारण आपण दाण्याची जाडी, रंग आणि वास तिन्ही पाहतो. पक्ष्यांचेही तसेच करावे. नुसत्या रंगावर जाऊ नये. उन्हात रंग फसवतो, ऋतूप्रमाणे बदलतो, आणि पुष्कळदा नराचा एक तर मादीचा दुसराच असतो. आधी आकार पाहावा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, पाय, शेपटी. आणि मग रंग. तो काय करतो आहे आणि कसा ओरडतो आहे, हेही ध्यानात घ्यावे.

आता घरच्या कावळ्यापासूनच सुरुवात करू. मान राखी असेल तो गावकावळा. सगळा काळा, अंगाने थोराड, चोच जाड आणि आवाज घोगरा असेल तो डोमकावळा. पितरांच्या पानावर दोघेही येतात. नर कोकीळही काळाच, पण त्याचा डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट आणि शेपटी लांब. त्याची मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात.

साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते. तशीच दिसणारी, पण डोळ्याभोवती पिवळे नसलेली आणि चोचीच्या मुळाशी पिसांचा लहानसा तुरा असलेली, ती रानसाळुंकी.

लोकलने शहाडहून टिटवाळ्याकडे जाताना नदीकाठी, ओल्या शेतांत पांढरे पक्षी दिसतात. आपण सगळ्यांनाच बगळा म्हणतो. पण पाहा: चोच काळी, पाय काळे आणि पायाची बोटे तेवढी पिवळी, तो लहान बगळा. आखूड पिवळी चोच, आणि गुराढोरांच्या पायांमागे किडे टिपत चालणारा, तो गायबगळा. विणीच्या दिवसांत याच्या डोक्यावर आणि मानेवर नारिंगी छटा येते. मान खूप लांब, अंगाने सर्वांत मोठा, तो मोठा बगळा. चिखलात मातकट रंगाचा बसलेला असतो आणि उडाला की एकदम पांढरे पंख दाखवतो, तो वंचक. त्याला ढोकरीही म्हणतात.

आता जरा लक्ष द्या, कारण इथे एका जिवाचा प्रश्न आहे. शिक्रा हा शिकारी पक्षी. सरडे, लहान पक्षी, कधी कोंबडीची पिलेही उचलतो. पावशा दिसायला हुबेहूब त्याच्यासारखा: तसाच राखी, शेपटीवर तसेच पट्टे, उडण्याची ढबही तीच. लहान पक्षी त्याला पाहून घाबरतात, आणि गलोल घेतलेली मुले त्यालाच नेम धरतात. पण शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकडी आणि नख्या धारदार असतात. पावशाची चोच साधी आणि पाय दुबळे. पावशा खातो सुरवंट, अगदी केसाळ सुद्धा. मृगाच्या आधी "पेरते व्हा" म्हणून शेतकऱ्याला हाक घालतो तो हाच. ओळख चुकली तर आपल्या शेताचा राखणदारच मारला जातो.

ओळखीची जिज्ञासा माणसाला कुठवर नेते पाहा. डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही रोजची चिमणी नव्हे, मग कोणती? मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील चिटणीस मिलार्ड साहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. त्या दिवसापासून मुलाला पक्ष्यांचा नाद लागला, तो जन्मभर सुटला नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले.

आता कुणी म्हणेल, नाव कळून आम्हाला काय मिळणार? याचे उत्तर गिधाडाने दिले आहे. आकाशात मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसला की आपण घार म्हणून मोकळ्या होतो. घारीची शेपटी टोकाला खाच पडलेली असते. गिधाडाची शेपटी आखूड, पंख फार रुंद आणि मान उघडी. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे शंभरात नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत. असे मेलेले गुरू खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली जगापुढे आले, आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. ज्याला घार आणि गिधाड यांतला फरकच कळत नाही, त्याला वर घारी फिरताना दिसतातच. गिधाडे गेली हे त्याच्या ध्यानी येत नाही. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, तोच नाहीसा झाला तर आपण विचारतो, "का बरे दिसत नाही?"

म्हणून माझी एक विनंती आहे. जुन्या वहीची चार कोरी पाने घ्यावीत. कपडे वाळत घालताना, नदीकडे जाताना जो पक्षी दिसेल त्याची तारीख, जागा, आकार, चोच, पाय आणि आवाज लिहावा. नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडावी; अंदाजाने भरू नये. आपल्या राज्यात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि १२ सालिम अलींच्या. त्या आठवड्यात आपण सगळ्या वह्या घेऊन मंडळात बसू, आणि कोरी राहिलेली नावे मिळून शोधू. मुलांनाही सोबत आणावे. गलोल मात्र घरी ठेवावी.