पाचशे रुपयांवर दलाली किती?

आज ईटीएफच्या दलालीबद्दल बोलू.

आमच्यातल्या बऱ्याच जणी महिन्याला 500 रुपये गुंतवतात. ब्रोकर दर सौद्याला 20 रुपये घेत असेल, तर जीएसटी धरून 23 रुपये 60 पैसे जातात. म्हणजे जवळजवळ पावणेपाच टक्के! पावशेर मिरची आणायला रिक्षा करून जावं, तसलंच हे. तेच पैसे तीन महिने बँकेत साठवून 1,500 एकदम घातले, तर खर्च दीड टक्क्याच्या आसपास येतो.

काही ब्रोकर दलाली घेतच नाहीत. पण विकताना डीपीचा आकार लागतो, आणि तो सहसा नगावर नसतो. त्या दिवशी एक युनिट विका नाहीतर शंभर, तेवढाच. म्हणून आम्ही थोडं थोडं विकत नाही.

खातं उघडताना ‘बेसिक सर्व्हिसेस’ डीमॅट मागा. 4 लाखांपर्यंत वर्षाचा देखभाल आकार नाही. मात्र आपल्या नावावर दुसरं डीमॅट नको.

एवढी यातायात नको असेल, तर त्याच निर्देशांकाचा इंडेक्स फंड ‘डायरेक्ट’ योजनेतून घ्या. त्याला दलालीही नाही, डीमॅटही नाही. महिन्याच्या 500 रुपयांना आम्हाला तर तोच बरा वाटतो.