फ्लॅटहेड सिक्स: बदल कुठे करायचा आणि हात कुठे आवरायचा

मी इंदूरहून बोलतोय. ऐकणाऱ्यांत बडोद्याचे, हैदराबादचे, बंगळुरूचे, आणखी कुठकुठचे मराठी लोक आहेत. जुन्या मोटारींची आवड असलेले त्यात बरेच असणार. काहींच्या घरी आजोबांची गाडी शेडमध्ये उभी असेल, आणि "हिला आता चालती करू या" असं दर दिवाळीला ठरत असेल. त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे.

मी १९५१ सालची डॉज किंग्जवे चालवतो. "चालवतो" हा शब्द मुद्दाम वापरला. तिचं इंजिन आहे सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड. या गाडीत आजच्या रस्त्यासाठी काय बदलावं आणि काय बदलू नये, एवढंच मला सांगायचं आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दोन गोष्टींपैकी एक घडते. एक तर गाडी रस्त्यावर धोकादायक होते, नाही तर ती जुनी गाडीच उरत नाही.

आधी या इंजिनाची थोडी ओळख करून घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आणि डॉज, फार्गो हे ट्रक जुळवले जाऊ लागले. क्रायस्लरचं फ्लॅटहेड सिक्स आपल्याकडे आलं ते मुख्यतः याच वाटेने. माझ्या गाडीतलं इंजिन २१७.८ घन इंचाचं, म्हणजे जवळजवळ ३५७० सीसीचं आहे. सिलिंडरचा व्यास साडेब्याऐंशी मिलिमीटर, पण पिस्टनची धाव १११ मिलिमीटर. ताकद कंपनीच्या आकड्याप्रमाणे ९७ हॉर्सपॉवर. आज १२०० सीसीची छोटी पेट्रोल गाडी ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवर देते. मग साडेतीन लिटरचं हे धूड एवढीच ताकद का देतं?

कारण त्याची श्वास घ्यायची पद्धत. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. फ्लॅटहेडमध्ये ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात आणि वरच्या बाजूला उघडतात. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. वरून स्पार्क प्लग बसवलेला एक जाड, सपाट लोखंडी ठोकळा. नाव त्यावरूनच पडलं. हवा-पेट्रोलचं मिश्रण खालून व्हॉल्व्हमधून वर येतं, मग आडवं वळतं आणि तेव्हा कुठे सिलिंडरमध्ये उतरतं. जळालेला वायूही अशीच वळणं घेत बाहेर पडतो. इंजिन जोरात फिरवलं की या वळणांवर त्याचा दम कोंडतो.

पण याचीच दुसरी बाजू बघा. हळू फिरताना या इंजिनाला कसलीच अडचण नसते. त्याचा सगळ्यात जास्त टॉर्क साधारण बाराशे फेऱ्यांनाच मिळतो. टॉप गिअरमध्ये ताशी पंचवीस किलोमीटरवर गाडी रेंगाळत असली, तरी पाय हळूच दाबला की कुरकुर न करता ती उचल घेते. भाग कमी, बांधणी दणकट. दुसऱ्या महायुद्धात क्रायस्लरने अशी पाच फ्लॅटहेड सिक्स इंजिनं एकत्र बांधून तीस सिलिंडरचं इंजिन केलं आणि शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारात बसवलं. तेव्हा हे इंजिन कमकुवत नाही. त्याचा स्वभाव बैलाचा आहे, त्याच्याकडून घोड्याची दौड मागू नये.

आता बदलांकडे येऊ. मी प्रत्येक बदलाला दोन प्रश्न विचारतो. पहिला: यामुळे गाडी थांबायला, थंड राहायला किंवा सुरू व्हायला मदत होते का? दुसरा: उद्या कुणाला मूळ रूप परत आणायचं झालं, तर नुसत्या पान्याने ते येईल का, की कापाकापी आणि वेल्डिंग लागेल? दोन्ही उत्तरं अनुकूल असतील तर बदल करावा. पहिलं "नाही" आणि दुसरं "वेल्डिंग" असेल, तर पैसे खिशात ठेवावेत.

सुरुवात ब्रेकपासून. गाडीचं वजन चौदाशे किलोच्या आसपास. चारही चाकांना ड्रम, ब्रेक हायड्रॉलिक आणि त्या काळाच्या मानाने चांगले. पण मास्टर सिलिंडर एकेरी. म्हणजे चार चाकांपैकी कुठलाही एक होज फुटला, तर पेडल सरळ खाली जातं आणि चारही ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर आहे. उभी गाडी धरायला तो ठीक, धावती गाडी थांबवायला त्याच्यावर भिस्त ठेवू नका. म्हणून गाडीवर खर्च होणारा पहिला रुपया ब्रेकवर. नवे होज, नवे व्हील सिलिंडर, दर दोन वर्षांनी नवं ऑइल. त्यानंतर दोन भागांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पुढचे ब्रेक गेले तरी मागचे उरतात. हा बदल ब्रॅकेट लावून, चासी न कापता करता येतो. पुढे डिस्क ब्रेक बसवणारेही आहेत. माझं मत असं की ड्रम नीट घासून, लायनिंग बरोबर बसवून आधी बघा. बऱ्याच गाड्यांचे ब्रेक डिझाइनमुळे नाही, तर चाळीस वर्षं कुणी अ‍ॅडजस्ट न केल्यामुळे वाईट असतात.

इथेच एक सूचना. या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. पंक्चरवाल्या मुलाला आधीच सांगा. तो नेहमीसारखा पाना फिरवत राहतो, बोल्ट घट्ट होत जातो आणि शेवटी तुटतो.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. माळव्यातल्या मे महिन्यात पारा बेचाळीसवर असतो, तेव्हा लोक म्हणतात, "फ्लॅटहेड गरम होणारच." तसं नाही. या इंजिनात वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, पत्र्याची एक लांब नळी असते. तिला ठरावीक ठिकाणी भोकं असतात आणि ती थंड पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत, थेट व्हॉल्व्हजवळ पोचवते. सत्तर वर्षांत ती गंजून चाळणी होते. मग सगळं पाणी पुढेच सांडतं आणि मागचे सिलिंडर तापतात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडीवाला मोठा रेडिएटर घेतो, इलेक्ट्रिक पंखा लावतो, तरी फरक पडत नाही. रेडिएटर आणि वॉटर पंप काढून ती नळी हलक्या हाताने ओढून काढायची आणि नवी घालायची. सोबत ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग काढून आतला गाळ खरवडून धुवायचा. एवढं केल्यावर मूळ पंखा आणि मूळ रेडिएटर पुरतो. म्हणजे जिथे बदल हवासा वाटतो, तिथे पुष्कळदा दुरुस्तीच राहिलेली असते.

विजेचंही तसंच आहे. मूळ व्यवस्था सहा व्होल्टची, आणि त्यातही पॉझिटिव्ह टोक बॉडीला. "सेल्फ मरतोय, बारा व्होल्ट करून टाका" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. पण आधी बॅटरीच्या केबल बघा. सहा व्होल्टवर तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. मधल्या काळात कुणी तरी आजच्या गाडीची बारीक केबल लावलेली असते, आणि सेल्फ कण्हत बसतो. जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग, बस्स. रात्री हायवेवर जाणाऱ्याने मात्र बारा व्होल्ट करावेत, कारण चांगले दिवे ही चैन नव्हे. ते करताना बल्ब, कॉइल, मीटर, हॉर्न यांचा एकेक हिशेब करावा आणि काढलेला डायनामो पेटीत जपून ठेवावा.

चौथी गोष्ट पेट्रोल. २००० सालापासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. क्रायस्लरच्या या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट मुळातच कठीण धातूच्या आहेत, त्यामुळे त्याची चिंता करू नका. ऑक्टेनचीही नाही. सातला एक एवढं हलकं कॉम्प्रेशन असलेलं हे इंजिन आजच्यापेक्षा कितीतरी कमी प्रतीच्या पेट्रोलसाठी बनवलेलं आहे. प्रश्न आहे तो आता पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या वीस टक्के इथेनॉलचा. जुनं रबर आणि कॉर्क त्यात टिकत नाहीत. फ्युएल पंपाचा पडदा, होज, कार्बोरेटरचे गॅस्केट इथेनॉल सोसणारे घ्या. मिश्रण पातळ पडतं म्हणून जेट किंचित मोठा लागू शकतो. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, पाणी धरतं. हे सगळे बदल अदृश्य आहेत आणि आग टाळणारे आहेत.

आता तरुण मंडळी ज्याची वाट बघताहेत तो विषय, म्हणजे ताकद वाढवणं. अमेरिकेत या इंजिनांना दोन कार्बोरेटर लावायची आणि एक्झॉस्ट दोन भागांत वाटायची जुनी रीत आहे. त्याला अर्थही आहे. सहा सिलिंडरना आत घ्यायची तोंडं तीनच, आणि कार्बोरेटर एकटा मध्ये, त्यामुळे टोकाच्या सिलिंडरना मिश्रण सारखं मिळत नाही. दोन कार्बोरेटरनी ही वाटणी सुधारते. मॅनिफोल्ड नटबोल्टचं, म्हणजे पान्याने परत निघतं. हौस असेल तर करा, फक्त दोन्ही कार्बोरेटर जुळवून ठेवण्याचं काम कायमचं मागे लागेल हे जाणून करा.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं असेल, तर फ्लॅटहेडचा एक पेच लक्षात घ्या. हेड जितकं खाली आणाल तितकी व्हॉल्व्हवरून सिलिंडरकडे जायची जागा अरुंद होते. कॉम्प्रेशन वाढतं पण श्वास आखडतो, आणि फार घासलं तर व्हॉल्व्ह हेडला टेकतो. म्हणून थोडंच घासा, तेही दुसऱ्या एखाद्या हेडवर. गाडीचं मूळ हेड तेल लावून गुंडाळून ठेवा.

आणि एक बदल असा, की त्याला माझा साफ नकार आहे: इंजिनच काढून टाकणं. पेट्रोल महाग झालं तेव्हा आपल्याकडे अनेक मोठ्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं काढून डिझेल बसवली गेली. त्या माणसांना दोष देता येत नाही, त्यांना पोट होतं. पण काढलेली इंजिनं भंगारात गेली, ती परत आली नाहीत. आज त्या कारणाने कुणी इंजिन काढत नाही. आज काढतात ते एसी, पॉवर स्टिअरिंग आणि वेगासाठी.

अशांनी कायदाही वाचावा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली गाडीच व्हिंटेज. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला "व्हीए" मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. आणि अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तपासणी राज्याची समिती करते. म्हणून पाना उचलण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर कागदांशी ताडून बघा. रंगकाम करताना तो घासला जाणार नाही याकडे जातीने लक्ष द्या.

शेवटी चालवण्याबद्दल. स्टिअरिंगजवळच्या दांड्याचे तीन गिअर. पहिल्याला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका, नाही तर कर्कश ओरड ऐका. सत्तरच्या वेगात इंजिन निवांत असतं. त्यापुढे ते पळतं, पण आनंदाने नाही. आमच्याकडे मुंबईच्या वाटेवर मानपूरचा घाट लागतो. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक तापवायचे नाहीत. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायचं. त्या अंतरात कुणी तरी स्कूटर घुसवणारच, मग पुन्हा मागे राहायचं. चिडायचं नाही. पुढच्या माणसाच्या गाडीला एबीएस आहे, आपल्याला नाही. आपण जुनी हौस करतो आहोत, तिचं ओझं रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणावर पडू नये.

तर मंडळी, शेडमधल्या गाडीचं झाकण उघडाल तेव्हा क्रम हा ठेवा: ब्रेक, पाणी, वायरिंग, पेट्रोल. हे चार झाले की गाडी वर्षभर चालवा. ताकद वाढवायची की नाही, ते त्यानंतर ठरवा. तोवर बहुतेकांना तिची चाल आवडायला लागते. प्रश्न असतील तर जरूर विचारा, गाडीचं साल आणि इंजिनाचं माप तेवढं लिहा.