ऐकणारा जागा हवा

समुद्रावरच्या बिनतारी संदेशाची गोष्ट निघाली की आपण मार्कोनीच्या यंत्राचं कौतुक करतो. करावंच. पण मला आज बोलायचंय ते कानाबद्दल.

गावच्या घरात रात्री कडी वाजली की आधी आजीला जाग यायची. दाराला कडी होती म्हणून नव्हे, तर आत आजी होती म्हणून दार उघडायचं.

एप्रिल १८९९ मध्ये इंग्लंडजवळच्या ईस्ट गुडविन दीपनौकेला धुक्यात एक आगबोट धडकली. नौकेनं बिनतारीवर हाक दिली, साउथ फोरलँडच्या दीपगृहात ती ऐकली गेली आणि मदत निघाली. तिथं आजी जागी होती.

१९१२ ची टायटॅनिक तुम्हाला ठाऊक आहे. मदतीला धावलेल्या कार्पेथियापेक्षा कॅलिफोर्नियन हे जहाज जवळ होतं. त्यावर तारयंत्री एकच. दिवसभर काम करून तो झोपला आणि थोड्याच वेळात टायटॅनिक हिमनगावर आदळली. त्याला दोष देऊ नका. एका माणसानं किती जागायचं? कार्पेथियाचा तारयंत्रीही झोपायच्याच तयारीत होता, पण कानाला यंत्र अजून होतं. सातशेवर माणसं वाचली ती त्या कानामुळे.

पुढे नियम झाले. दर तासाला पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटं संकटाच्या लहरीवर सर्वांनी गप्प राहायचं, नुसतं ऐकायचं. तारयंत्र्याच्या घड्याळात तेवढा भाग लाल रंगवलेला असे. ‘गप्प बसा रे, कडी वाजली वाटतं,’ असं आजी म्हणायची ना, तेच हे!

आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्रच नव्हतं. दाराला कडीच नाही! मुंबईच्या इतक्या जवळ बुडूनही खबर पोचायला कित्येक तास लागले. सहाशेहून अधिक माणसं गेली.

कडी हवीच; पण पुन्हा सांगतो, यंत्र अर्धंच काम करतं, उरलेलं कान करतो. दर्यावर जाणाऱ्या माझ्या भावांनो, तुमच्या होडीवर आज व्हीएचएफ बिनतारी संच असेल. संकटाची हाक ज्यावर येते त्या सोळा नंबरच्या चॅनलवर गप्पा मारू नका. तो उघडा ठेवा आणि पाळीपाळीनं एकानं तरी ऐकत बसा. शेजारच्या होडीची हाक आधी तुम्हालाच ऐकू येणार आहे.