शंका कशी घ्यावी?
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



माहेरी आलेल्या मुलीला कोणी भाषण करायला लावीत नाही; मंडळाने लावले, म्हणून चार शब्द सांगते.

अमेरिकेत टेक्सास राज्यात मी हायस्कुलात इतिहास शिकवते. त्याच राज्यातील डॅलस शहरी २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. ओस्वाल्ड पकडला गेला. पण दोनच दिवसांत, पोलिसांच्या पहाऱ्यात असताना, रुबीने त्याला गोळी घातली. खटला उभाच राहिला नाही. अर्धवट राहिलेल्या गोष्टीला फाटे फुटायचेच!

पहिल्या वर्षी एका मुलाने विचारले, “एकच गोळी दोघांना कशी लागेल?” मी म्हटले, “असल्या बाजारगप्पा वर्गात नकोत.” पुढे वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ते मला अजून बोचते.

आता मी वर्गात एक खुर्ची आणि तिच्यापुढे बुटके स्टूल मांडते. केनेडींच्या पुढे बसलेले गव्हर्नर कॉनली किंचित खाली आणि आतल्या बाजूला होते. मागे टेबलावर उभा राहून एकजण दोरी ताणतो, आणि दोरी दोघांवरून सरळ जाते. एवढ्याने सारे सिद्ध होत नाही. पण ‘अशक्य’ हा शब्द मागे घ्यावा लागतो.

मात्र इथेच थांबले तर धडा अर्धा राहील. ओस्वाल्ड एकटाच होता, असा निर्णय वॉरन आयोगाने १९६४ साली दिला. पण कॅस्ट्रो यांना मारण्याचे बेत गुप्तहेर खात्याने आयोगापुढे ठेवलेच नव्हते, हे १९७५ साली उघड झाले. १९७९ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीने एका ध्वनिमुद्रणावरून ‘बहुधा कट असावा’ असे म्हटले. १९८२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ते आवाज गोळीबारानंतर सुमारे एका मिनिटाने झालेले होते.

शेवटी मी मुलांना एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगते : ‘कोणता पुरावा मिळाला तर मी माझे मत बदलेन?’ ज्याला काहीच सुचत नाही, त्याची ती शंका नव्हे, हट्ट आहे. मग तो सरकारच्या बाजूचा असो की विरुद्ध.

भगिनींनो, घरी मुलाने असा प्रश्न विचारला तर ‘गप्प बस’ म्हणू नका. गप्प केलेले मूल प्रश्न सोडीत नाही. उत्तर दुसरीकडे शोधते. तिथे उत्तर देणारा कोण भेटेल, हे मग आपल्या हाती राहत नाही.

एवढे सांगून आपली रजा घेते.